वरच्या थरातली फट

शाल्मलीला नवऱ्याचा संशय आला तो त्याच्या शुद्ध बोलण्यावरून.

विपुल बोंडे मूळचा अचलपूरचा. पुण्यात शिकला, पुढे काही वर्षं जर्मनीत राहिला, पण घरात पाऊल टाकलं की त्याची वऱ्हाडी सुटायची. 'काय करून राहिली वं', 'मले काय माहीत बाप्पा'. सांगलीच्या शाल्मलीने सुरुवातीला त्याची भरपूर टर उडवली, मग तिला सवय झाली, आणि नंतर तर त्या बोलण्याशिवाय घर घर वाटेना. एवढ्या वर्षांत एक गोष्ट मात्र तिच्या पक्की ध्यानात आली होती. विपुल घरात छापील मराठी बोलायला लागला की समजावं, स्वारी काहीतरी पोटात ठेवून आहे. आईचं दुखणं त्याने लपवलं होतं तेव्हा तो असाच बोलत होता. आणि आता गेला महिनाभर जेवताना तो म्हणायचा, "आजचा निकाल समाधानकारक होता, नाही का?"

नवरा-बायकोत कोणी 'समाधानकारक' म्हणतं का? शाल्मलीने आमटी वाढली.

दोघं एकाच ठिकाणी कामाला होते. परतवाड्याच्या पुढे, मेळघाटचे डोंगर सुरू होतात तिथे काही वर्षांपूर्वी सरकारने प्रकाशकेंद्र उभारलं होतं. तिथे एका प्रचंड मोठ्या वर्तुळात इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या जवळपास वेगाने फिरवले जातात, आणि वळण घेताना ते अतिशय प्रखर प्रकाश बाहेर टाकतात. विपुल आपल्या भट्टीत स्फटिक वाढवायचा. शाल्मली त्या स्फटिकांवर हा प्रकाश पाडून त्यांच्या आतलं रहस्य काढून आणायची. त्याने वाढवायचं आणि तिने मोजायचं, अशी त्यांची वाटणी लग्नाआधीपासूनची. कॅन्टीनमध्ये लोक त्यावरून थट्टाही करत.

तिच्या कामाची रीत ऐकायला सोपी आहे. प्रकाश स्फटिकावर पडला की त्याच्या पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन बाहेर उडतात. ते कोणत्या दिशेने निघाले आणि किती ऊर्जा घेऊन निघाले हे मोजलं, की आत असताना ते कसे वावरत होते ते उलट्या गणिताने काढता येतं. घरातून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या चालीवरून आत काय चाललंय याचा अंदाज बांधावा, तसं. फक्त हे बाहेर आलेले इलेक्ट्रॉन अगदी वरच्या दोन-चार थरांतले असतात, म्हणून पृष्ठभाग कोरा करकरीत लागतो. हवेचा नुसता वारा लागला तरी तो मळतो. त्यासाठी स्फटिकाच्या डोक्यावर एक बारीकशी दांडी चिकटवतात आणि जवळपास चंद्रावर असते तशी पोकळी केलेल्या पात्रात नेऊन त्या दांडीला टिचकी मारतात. दांडी वरचा थर घेऊन पडते, आणि खाली कोणीही न पाहिलेला, ताजा पृष्ठभाग उघडा होतो.

विपुलचा दावा असा, की त्याच्या नव्या स्फटिकाचा वरचा थर अतिवाहक आहे, म्हणजे विजेला काडीचाही विरोध करत नाही. आणि तेही बर्फाहून कितीतरी गार करून नव्हे, साध्या खोलीच्या तापमानाला. जगाने ज्याची वाट पाहावी असा तो शोध होता. मात्र हा थर म्हणे बेटाबेटांनी विखुरलेला, त्यामुळे तारा जोडून तो मोजता येत नव्हता. अतिवाहकात इलेक्ट्रॉन जोड्या करून राहतात, आणि जोडी फोडायला ऊर्जा खर्च करावी लागते. त्यामुळे मोजमापाच्या चित्रात सगळ्यात वरच्या ऊर्जापातळीशी एक रिकामी जागा दिसते. ती फट दिसली तर शोध खरा, नाही तर नाही. थोडक्यात, सगळा डोलारा शाल्मलीच्या यंत्रावर उभा होता.

आणि फट दिसत होती. दर वेळी, न चुकता दिसत होती.

हेच तर तिला खुपायला लागलं होतं. उभ्या आयुष्यात तिने इतके आज्ञाधारक स्फटिक पाहिले नव्हते. खरा पदार्थ हट्टी असतो, एकदा हो म्हणतो आणि पुढच्या खेपेला तोंड फिरवतो. विपुलच्या स्फटिकांनी तोंड फिरवायचं सोडूनच दिलं होतं. पुढच्या आठवड्यात संचालक डॉ. फातर्पेकर सोहळा घेऊन ही बातमी जाहीर करणार होते, आणि विपुल घरात 'समाधानकारक' म्हणत होता.

महिन्यापूर्वी एका दुपारी तिने त्याला फोन केला होता. "कुठे आहेस?"

"भट्टीपाशी आहे. तापमान उतरवतो आहे," तो म्हणाला, असंच शुद्ध.

बोलता बोलता ती नमुन्यांच्या खोलीवरून चालली होती. त्या खोलीत धूळ जाऊ नये म्हणून चपला बाहेर काढाव्या लागतात. दाराशी विपुलच्या चपला होत्या. डाव्या चपलेचा अंगठा त्याने परतवाड्याच्या बाजारात बसून शिवून घेतला होता, तेव्हा शेजारी तीच उभी होती, त्यामुळे ओळखण्यात चूक होणं शक्य नव्हतं. भट्टी इमारतीच्या पार दुसऱ्या टोकाला. शाल्मली दार ढकलून आत गेली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. पण ती गेली नाही. फोन ठेवून ती आल्या पावली परत फिरली, आणि त्या दिवसापासून तिच्या डोळ्यांना दुसरा धंदा उरला नाही.

विपुल फोन पालथा ठेवतो, हे तिला दिसलं. आधीपासून ठेवायचा की हल्लीच, ते आठवेना. मोजमाप संपता संपता तो नेमका नियंत्रणकक्षात येऊन उभा राहतो, हेही दिसलं. पडद्यावर फट उमटली की बाकीचे टाळ्या वाजवत आणि तो मात्र पडद्याऐवजी तिच्याकडे बघायचा. चोर असंच बघतो, असं तिच्या मनात येऊन जायचं, आणि मग स्वतःचीच लाज वाटायची. रात्री शेजारी झोपलेल्या माणसाबद्दल असा विचार करणारी बाई आपण कधीपासून झालो, तिला कळत नव्हतं.

शेवटी तिने एक काम केलं, जे करण्याआधी ती बराच वेळ खुर्चीत नुसती बसून होती. विपुलच्या स्फटिकात एका धातूची किंचित भेसळ असते, सगळी जादू त्या भेसळीची. तिच्या कपाटात बिनभेसळीचा साधा स्फटिक पडलेला होता. दिसायला सख्खा भाऊ, पण कुठल्याही सिद्धांताने तो अतिवाहक होणं शक्य नाही. तो तिने विपुलच्या नमुन्याच्या नंबराखाली यंत्रात चढवला. विपुल नमुन्यांवर काही लेप देत असेल, तर हा स्फटिक कोरा राहील आणि फट दिसणार नाही, असा तिचा हिशेब.

पुढचं सगळं सारथी करायचा. सारथी म्हणजे यंत्र चालवायला शिकवलेला संगणक. टिचकी मारणं, पृष्ठभागावर फिरून चांगली जागा हुडकणं, मोजणं, सगळं तोच करायचा. पूर्वी शाल्मलीचा अख्खा दिवस ज्यात जायचा, ते आता चहा पिऊन येईपर्यंत होत होतं. ती चहा पिऊन आली. विपुल दाराशी उभाच होता.

पडद्यावर फट होती, नेहमीसारखीच स्वच्छ.

तिने नमुन्याचा नंबर पुन्हा वाचला. स्फटिक साधा होता, त्याला विपुलने हातसुद्धा लावला नव्हता. म्हणजे लबाडी नमुन्यात नव्हती. विपुलचा नंबर दिसला की फट काढून दाखवायची, असं कोणीतरी सारथीलाच पढवून ठेवलं होतं. असं करण्याची गरज जगात फक्त एका माणसाला होती, आणि तो तिच्या मागे उभा राहून म्हणत होता, "छान आलं आहे, नाही का?"

रविवारी सकाळी विपुल बाजारातून संत्री घेऊन आला. स्वयंपाकघरात बसून सोलायला लागला. शाल्मली ओट्याला टेकून उभी होती. आज विचारायचं नाही असं ठरवूनच ती उठली होती, पण विचारून बसली.

"सारथीत काय घातलंस तू?"

"काय घातलं म्हणजे?"

"तुझ्या नंबराने मी साधा स्फटिक चढवला होता. बिनभेसळीचा. परवा. त्यातही फट आली."

तो चिडेल, उठून जाईल, हात वर करून शपथा घेईल, सगळ्याची तिने तयारी ठेवली होती. त्याने अर्धं सोललेलं संत्रं खाली ठेवलं आणि तो तिच्याकडे बघत राहिला. घर विकायला काढल्यावर माणूस भिंतीकडे बघतो, तसा.

"म्हणजे तू नव्हती?" तो म्हणाला.

"मी काय नव्हते?"

"आकडे सावरून राहिली नव्हती? माझ्यासाठी?"

शाल्मलीला काही उमजेना. मग त्यानेच हळूहळू सांगितलं. "मी बी हेच केलं होतं. मागच्या महिन्यात. फट दर खेपेले येऊन राहिली होती, मले माझ्याच मालाचा भरोसा वाटेना. नमुन्याच्या खोलीत जाऊन माझ्या नंबराच्या डबीत साधा स्फटिक ठेवून आलो. तुले सांगितलं नाही. संध्याकाळी पाहतो तं फट. आता मशीनपाशी कोण असते? तू. मले वाटलं, शाल्मली करून राहिली."

"त्या दिवशी तू भट्टीपाशी आहे म्हणालास."

"मंग काय सांगू? तुह्यी परीक्षा घेऊन राहिलो म्हणून सांगू?"

"आणि फट आली तेव्हा? तेव्हा का नाही विचारलंस?"

"काय विचारू वं? बायकोले विचारू का, माझ्यासाठी चोरी करतं का म्हणून?" त्याने संत्र्याची सालं बाजूला सारली. "आणि खरं सांगू का? राग नाही आला मले. बरं वाटलं. वाटलं, माह्यासाठी ही एवढं करते."

शाल्मलीला हसू येईल की रडू, तिलाच कळत नव्हतं. महिनाभर ती ज्याला चोर समजत होती, तो तिला चोर समजून तिच्यावर जास्तच जीव टाकत होता. पडद्याऐवजी तो तिच्याकडे का बघायचा, ते आता कळलं. तो कृतज्ञतेने बघत होता.

"आणि सोहळा?" तिने विचारलं. "पुढच्या आठवड्यात सगळ्या जगासमोर उभं राहून काय सांगणार होतास?"

"थांबवणार होतो मी."

तिने त्याच्यापुढचं संत्रं उचलून ओट्यावर ठेवलं.

"नाही," तो खाली मान घालून म्हणाला. "नव्हतो थांबवणार."

शाल्मलीला त्याचा संताप आला होता. आणि ज्याने कसलीही बनवाबनवी केली नव्हती त्याच्यावर आपण आळ घेतला, याची शरमही तितकीच वाटत होती. दोन्ही एकदम वाटलं की माणूस उठून कामाला लागतो. तिने पदर खोचल्यासारखा दुपट्टा गाठ मारून बांधला आणि गाडीची किल्ली घेतली.

रविवारी केंद्रात शुकशुकाट असतो, पण प्रकाश चालू असतो. तिने सारथी बंद केला आणि कित्येक महिन्यांनी यंत्र स्वतःच्या हातात घेतलं. परवाचा साधा स्फटिक अजून पात्रातच होता. सारथीने नेमकी कुठे मोजणी केली ते आधी पाहिलं. जागा स्फटिकाच्या काठाशी होती. तिने सूक्ष्मदर्शकाचा कॅमेरा तिथे नेला. टिचकी मारताना तिथला एक पापुद्रा अर्धवट उचलला गेला होता, पुरीचा पदर सुटावा तसा.

"प्रकाश निम्म्यावर आण," ती म्हणाली.

विपुलने आणला. पडद्यावरची फट निम्मी झाली.

"अजून कमी कर."

फट जवळपास मिटली. दोघांनाही बोलायची गरज राहिली नाही. खरी फट पदार्थाची असते, तिला प्रकाश किती आहे याच्याशी देणंघेणं नसतं. ही फट पदार्थाची नव्हतीच. पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन बाहेर पडला की त्याची जागा भरायला खालून दुसरा यावा लागतो. पापुद्रा सुटलेला असेल तर तो वेळेवर येत नाही. मग तिथे धन भार साचतो आणि निघालेल्या इलेक्ट्रॉनांना मागे ओढतो. ते दमून बाहेर येतात, आणि चित्र असं खाली सरकतं की वर रिकामी जागा आहे असं वाटावं. या कामातला शिकाऊसुद्धा हा फसवा प्रकार ओळखतो. प्रकाश कमी करून बघण्याची तपासणी सारथीही करायचा, पण शिकवल्याप्रमाणे स्फटिकाच्या मध्यभागी, आणि मध्यभागी सगळं ठीक असायचं. तपासणी उरकली की तो सरकत सरकत त्याला हव्या असलेल्या पापुद्र्यावर जाऊन बसायचा.

"पण पापुद्राच काऊन शोधून राहिला तो?" विपुलने विचारलं.

याचं उत्तर शाल्मलीला माहीत होतं, फक्त तिने ते आजवर कधी स्वतःला विचारलं नव्हतं. टिचकी मारून उघडलेला पृष्ठभाग दर वेळी चांगला निघत नाही. चित्र पुसट आलं की 'हा खराब तुटला' म्हणायचं आणि दुसरा तोडायचा, ही जगभरच्या प्रयोगशाळांची रीत. त्यात गैर काही नाही. सारथीला शिकवतानाही प्रत्येक जागेला शेरा द्यायचा होता, चांगली की खराब. कंटाळवाणं काम. ते दोघं शेजारी बसून करायचे, गप्पा मारत. फट नसलेली जागा आली की विपुल म्हणायचा, "हे काई खरं नाही, दुसरी पाह्य," आणि शाल्मलीचं बोट 'खराब'वर जायचं. कधी अंधूक फट दिसली की दोघांचे चेहरे उजळायचे आणि बोट 'चांगली'वर. लबाडी करायची कोणाच्या मनातही नव्हती. पण सारथी पृष्ठभागाचं चांगलेपण शिकलाच नाही, त्या दोघांच्या चेहऱ्यांवर काय उमटतं ते शिकला. चांगली जागा म्हणजे जिथे फट दिसते ती. मग कुठल्याही स्फटिकावर, कोणत्याही नंबराखाली, तो इमानेइतबारे फट हुडकत फिरायला लागला, आणि पापुद्र्यावर ती मिळतेच.

सोमवारी दोघं डॉ. फातर्पेकरांच्या खोलीत बसले होते. फातर्पेकर गोव्याचे, मृदू बोलणारे, आवाज चढवणं त्यांना जमतच नसे. शाल्मलीने सगळं सांगितलं. साधा स्फटिक, पापुद्रा, कमी केलेला प्रकाश, सारथीला दिलेले शेरे. महिन्यापूर्वी विपुलनेही साधा स्फटिक ठेवून पाहिला होता, एवढं सोडून सगळं. ते त्याने स्वतः सांगावं असं तिला वाटत होतं. ती थांबली, त्याच्यासाठी जागा ठेवून. तो टेबलाकडे बघत राहिला.

फातर्पेकरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "सोहळा रद्द. हरकत नाही. चूक कशी झाली ते मी स्वतः पत्रकारांना सांगेन, त्यात तुमची नावं खराब व्हायची गरज नाही. उलट हे छापून आणा, सारथीसारखी यंत्रं आता सगळीकडेच आहेत, लोकांना उपयोग होईल." त्यांनी चष्मा परत चढवला. "एकच विचारायचं राहिलं. सोहळ्याला तुम्ही होकार दिलात, त्या दिवशी तुमच्यापैकी कोणाला हे माहीत होतं का? चूक असेल तर मी तुमच्या पाठीशी आहे. पण फट खोटी आहे हे माहीत असून कोणी गप्प बसलं असेल, तर ते माझ्या हातात राहणार नाही. चौकशी होईल. पुन्हा कोणी त्या माणसाच्या हाती भट्टी देणार नाही."

"नाही सर," विपुल म्हणाला. "आम्हाला कालच कळलं."

फातर्पेकर शाल्मलीकडे वळले. "शाल्मली? तुमचं मोजमाप मी आजवर कधी उलटून तपासलं नाही. तुम्ही म्हणाल ते मी लिहीन."

तिने विपुलकडे बघितलं. त्याचे हात मांडीवर होते, भट्टीच्या आचेने बोटांची टोकं कायमची काळपट झालेली. तो भट्टीवरून आला की धातूचा वास घरात यायचा. भट्टी गेली तर हा माणूस करणार काय, तिला खरंच सुचेना. महिनाभर तिने त्याला न केलेल्या गुन्ह्याबद्दल मनातल्या मनात शिक्षा दिली होती, चपला पाहून परत फिरली होती, त्याच्या नकळत त्याच्या नंबराशी खेळली होती. आणि जे त्याने खरंच केलं होतं, ते एका वाक्यात इथे सांगता येत होतं. वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं.

"हो," ती म्हणाली. "कालच."

फातर्पेकरांनी मान हलवली आणि लिहायला घेतलं. विपुलने टेबलाखालून तिचा हात हातात घेतला आणि घट्ट दाबला. शाल्मलीने हात सोडवला नाही, पण दाबलाही नाही. नवऱ्यासाठी निकाल वाकवणारी बायको विपुलने महिनाभर मनात बाळगली होती. आज सकाळपर्यंत अशी बाई कुठेच नव्हती.